काळी लेस, जाड सोलचे बूट आणि परदेशातल्या चर्चचं दार

प्रश्न थोडक्यात असा आहे, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी लिहून टाकते. मुलगी २४ वर्षांची, आपल्या नागपूरचीच. ऑक्टोबरच्या शेवटी आईबाबांसोबत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मग प्राग आणि शेवटी बार्सिलोना असं फिरायला जाऊन राहिली. ती रोजच गॉथ कपडे घालते, म्हणजे वरपासून खालपर्यंत काळं, लेस, कॉर्सेट, गळ्यात काटेवाला चोकर, जाड सोलचे बूट, अर्धं डोकं शेव्ह केलेलं आणि डाव्या हातावर कोपरापर्यंत टॅटू. आई म्हणते अशी गेलीस तर चर्चच्या दारातूनच हाकलतील, चांगला पंजाबी ड्रेस घाल. आणि हिचं म्हणणं की हाकलतील का ते सांगा, पण नाही हाकललं तरी तिथल्या लोकांचा अपमान होईल का तेही सांगा, तो मला करायचा नाही.

बेटा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तुझं तुलाच समजलंय, तिथेच अर्धं काम झालं. मी सोळा वर्षांपासून टूर मॅनेजर म्हणून युरोपचे ग्रुप नेते, जास्तीत जास्त लोक नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडचे, आणि या सोळा वर्षांत मला हजार वेळा 'आत सोडतील का' विचारलंय लोकांनी, 'कोणाला वाईट वाटेल का' असं विचारणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आधी दाराचं सांगते कारण ते सोपं आहे.

रोमचं सेंट पीटर्स असो, व्हेनिसचं सेंट मार्क्स असो, फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल असो, दारातला माणूस पाहतो ते खांदे, गुडघे आणि डोकं. खांदे झाकलेले पाहिजेत, गुडघे झाकलेले पाहिजेत, टोपी-हॅट डोक्यावर नको. त्याच्यापुढे दिवसभर हजारो लोकांची लाईन असते, एका माणसाला दोन सेकंद मिळतात, त्यात त्याची नजर खांद्यावरून गुडघ्यावर जाते आणि हात हलतो, चला पुढे. कपड्याचा रंग काय, कट कसा, केस कुठून कापले, हे पाहायला त्याला वेळही नाही आणि तसा नियमही नाही.

हे मी कोणाकडून ऐकून नाही सांगत, स्वतःची फजिती झाली तेव्हा शिकले. माझं पहिलंच वर्ष, जुलै महिना, इटलीतल्या एका मोठ्या चर्चची लाईन, मागे माझे अडतीस लोक. मी सकाळी बसमध्ये सगळ्यांना माईकवरून व्यवस्थित बजावलेलं की खांदे झाका, हाफ पँट घालू नका, आणि मी स्वतः काय घातलं होतं तर छान हँडलूमचा कॉटन कुर्ता, खाली लेगिंग, कपाळावर टिकली, एकदम सालस. फक्त कुर्ता स्लीव्हलेस होता आणि ओढणी गर्मीमुळे बसमध्येच सीटवर ठेवून आलेली. माझ्या पुढे एक पोट्टा होता, हिरवा मोहॉक, नाकात रिंग, काळा फुल शर्ट, काळी फुल पँट, कमरेला साखळ्या. तो सरळ आत गेला. आणि मला थांबवलं, दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर ठेवून दाखवली फक्त, बोलला काहीच नाही. अडतीस लोकांपुढे मी बाजूला झाले आणि फेरीवाल्याकडून ऑपरेशन थिएटरच्या गाऊनसारखं ते निळं पातळ कापड विकत घेऊन गुंडाळलं. त्या टूरभर एक काका मला रोज सकाळी विचारायचे, मॅडम आज बाह्या आणल्या का.

तेव्हा आईला प्रेमाने सांग, पंजाबी ड्रेस चालतो पण त्याला बाही पाहिजे. आणि तुझा काळा फुल बाह्यांचा ड्रेस, पायघोळ स्कर्ट, हे तर त्या दाराच्या हिशोबाने अर्ध्या टुरिस्टांपेक्षा जास्त सभ्य आहे.

काळ्या रंगाची भीती तर काढूनच टाक डोक्यातून. आपल्याकडे पूजेला काळं नको म्हणतात, संक्रांत सोडली तर, म्हणून आईच्या मनात ते बसलंय आणि ते साहजिक आहे. पण तिकडे पाद्रीच काळा झगा घालतो. पोपना खासगीत भेटायला जाणाऱ्या बायकांचा जुना रिवाज म्हणजे काळा ड्रेस आणि डोक्यावर काळी लेस, पांढरं घालायचा मान फक्त काही मोजक्या कॅथलिक राण्यांना. स्पेनमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी बायका काळा ड्रेस घालून, अंबाड्यात उंच कंगवा खोचून त्याच्यावरून काळ्या लेसची ओढणी सोडून चर्चला जातात, मांतिया म्हणतात त्याला, आणि खरं सांगू का, पहिल्यांदा पाहिलं तर वाटेल तुझ्याच गँगच्या पोरी चालल्या. म्हणजे काळी लेस त्यांना परकी नाही, त्यांच्या आज्यांच्या पेटीतली आहे ती.

लेसवरून आठवलं, आणि हे महत्त्वाचं आहे कारण तुझ्या बाबतीत अडकलं तर इथेच अडकेल. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चच्या नियमात पारदर्शक कपडे चालत नाहीत असं सरळ लिहिलेलं आहे. खांदे झाकलेले हवेत, पाठ उघडी नको, पोट उघडं नको. गुडघ्याच्या बाबतीत ते रोमपेक्षा ढिले आहेत, स्कर्ट अर्ध्या मांडीपर्यंत असला तरी चालतो, पण आरपार दिसणाऱ्या कापडाला नाही म्हणतात. आता तुझी लेसची बाही आहे, खाली कातडी दिसते, हे झाकलेलं धरायचं की उघडं, हे रोममध्येही दारावरच्या माणसावर अवलंबून राहील, एक सोडेल, दुसरा नाही सोडणार, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. त्यापेक्षा आतून एक साधी काळी पातळ कॉटनची फुल बाही घाल, होजियरीच्या दुकानात मिळते तशी. वरून लेस तशीच दिसेल आणि वादाचा विषयच संपला. कॉर्सेट शर्टाच्या वरून असेल तर काही प्रॉब्लेम नाही, नुसतं कॉर्सेट म्हणजे खांदे उघडे, मग नाही.

आता त्या नियमांतली एक ओळ अशी आहे की जी वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगते. साग्रादा फामिलियात कुठलाही कार्यक्रम साजरा करायचे खास सजलेले कपडे घालून जाता येत नाही, म्हणजे त्या बॅचलर पार्टीवाल्यांच्या टोळ्या, डोक्यावर भलतंसलतं लावून येणारे लोक, त्यांच्यासाठी ते आहे. तुझे रोजचे कपडे हे त्यात येत नाहीत. पण तारखा बघ ना बाप्पा. तू ऑक्टोबरच्या शेवटी जाऊन राहिली. ३१ तारखेला हॅलोविन. त्या आठवड्यात तुझे रोजचे कपडे पाहून कोणालाही वाटणार की ही हॅलोविनचं सोंग घेऊन आली, आणि तिथे १ नोव्हेंबर म्हणजे सगळ्या संतांचा दिवस, २ नोव्हेंबर म्हणजे गेलेल्या माणसांचा, आपल्या सर्वपित्रीसारखं समज. इटलीत लोक त्या दिवशी शेवंतीची फुलं घेऊन कबरस्तानात जातात, चर्चमध्ये गेलेल्यांच्या नावाने प्रार्थना असते. ज्याची आई मागच्या वर्षी गेली त्याच्या शेजारी कोणी सांगाड्याचं प्रिंट आणि पांढराफटक मेकअप करून उभं राहिलं तर त्याला काय वाटेल सांग. ते तुझं रोजचं आहे हे त्याला काय माहीत. ते तीन दिवस चेहऱ्यावरचा मेकअप हलका ठेव आणि कवटीवालं काहीच घालू नको, काळं खुशाल घाल, त्या दिवसात काळं तर उलट शोभतं.

आता चिन्हांचं. माझ्या मते खरा धोका इथे आहे, कपड्यात नाही.

व्हॅटिकन म्युझियमच्या नियमात खांदे-गुडघे-हॅट तर आहेतच, त्याशिवाय असंही आहे की अंगावरच्या दिसणाऱ्या वस्तू आणि टॅटूसारखी चिन्हंसुद्धा कॅथलिक धर्माचा किंवा सभ्यतेचा अपमान करणारी नसावीत. सिस्टीन चॅपल त्या म्युझियमच्याच आत आहे, म्हणजे ते पाहायचं तर हा नियम लागू. टॅटू म्हणून टॅटूला कोणी अडवत नाही, माझ्या ग्रुपमधून दंडावर वाघ, मानेवर महादेव, छातीवर बायकोचं नाव, सगळं आत गेलेलं आहे. तुझ्या टॅटूत काय आहे ते तू लिहिलं नाहीस. गुलाब, कावळा, चंद्र असेल तर सोड. शिंगवाला बकरा किंवा उलटी चांदणी, म्हणजे लोक सैतानाची समजतात ती चिन्हं, असेल तर बाही खाली ओढ, बस.

उलटा क्रॉस गळ्यात असेल तर तो हॉटेलात ठेव, लोक तो त्यांच्या धर्माच्या विरोधातला समजतात. तुला कदाचित माहीत असेल की सेंट पीटरला उलटं क्रुसावर चढवलं अशी परंपरा आहे, आपण प्रभूसारखं सरळ मरायच्या लायकीचे नाही असं तो म्हणाला म्हणे, आणि म्हणून उलटा क्रॉस हे खुद्द त्याचंच चिन्ह आहे. हे शंभर टक्के बरोबर आहे आणि सिक्युरिटीच्या लाईनमध्ये याचा शून्य टक्के उपयोग आहे. काळे कपडे, काटेवाला चोकर आणि उलटा क्रॉस, हे एकत्र पाहून कोणी तुला सेंट पीटरची भक्त नाही समजणार.

आणि रोझरी. गॉथ स्टाइलमध्ये पोरी रोझरी नेकलेससारखी घालतात, हे मी पाहिलंय. ती जपमाळ आहे गं. कोणी गोरी बाई इकडे येऊन रुद्राक्षाची माळ पायात पैंजण म्हणून घालून टेकडीच्या गणपतीला आली तर पुजारी काही बोलणार नाही कदाचित, पण लाईनमधल्या आज्या एकमेकींकडे पाहतील की नाही? तेवढंच. साधा सरळ क्रॉस गळ्यात असला तर काहीच हरकत नाही. पाद्र्याची पांढरी कॉलर, नन सारखा ड्रेस, हे फॅशन म्हणून घालणारे असतात, ते मात्र अजिबात नको, त्या लोकांनी त्या कपड्यासाठी आयुष्य दिलेलं असतं.

म्हणजे माझा हिशोब असा आहे, वेगळं दिसणं वेगळं आणि त्यांच्या खुणेची मस्करी करणं वेगळं. मस्करी तुझ्या मनात नसली तरी पाहणाऱ्याला ती दिसली तर ती झालीच.

हॅटबद्दल. डोकं झाकणं हा तर आपल्या लोकांचा फार मोठा घोळ असतो. आपण ताजबागला गेलो की दारातच खिशातला रुमाल काढून डोक्यावर बांधतो, झाकणं म्हणजे मान. चर्चमध्ये पुरुषांचं नेमकं उलट, उघडं डोकं म्हणजे मान. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये लाल झगे घातलेले रखवालदार फिरत असतात, माझ्या ग्रुपमध्ये वर्ध्याकडचे एक आजोबा होते, गांधी टोपीवाले, ऐंशीच्या आसपासचे. रखवालदाराने हाताने खूण केली टोपी काढा. आजोबा म्हणाले, देवापुढे बोडकं कसं जाऊ, माह्या बापानं नाही केलं असं कधी. मी मध्ये पडून दोन्हीकडचं दोघांना सांगितलं, एकाला इंग्रजीत, एकाला वऱ्हाडीत. आजोबांनी मिनिटभर विचार केला, टोपी काढली, घडी घातली आणि छातीशी दोन्ही हातांनी धरून पूर्ण चर्च फिरले, आणि तो लाल झगेवाला त्यांच्या बरोबर चालत त्यांना खिडक्या दाखवत राहिला. मला अजून ते दोघं डोळ्यापुढे दिसतात.

बायकांचं वेगळं आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात बायकांनी डोकं झाकावं असं होतं, १९८३ च्या नव्या कायद्यात ते आलंच नाही, म्हणून आता सक्ती नाही आणि लेसची ओढणी डोक्यावर घेतली तर कोणी काही म्हणतही नाही. पण हॅट ही हॅट आहे, मोठ्या काठाची असेल तर काढ. जाळीने चेहरा झाकणारी असेल तर रस्त्यावरही जपून, इटलीत योग्य कारण नसताना ओळख पटणार नाही असा चेहरा झाकायला १९७५ पासून कायद्याने बंदी आहे, ऑस्ट्रियात २०१७ पासून चेहरा झाकला तर दंड आहे. हे मी सगळ्या नागपूरवाल्या पोट्ट्यांसाठी लिहून राहिली, कारण आपण मे महिन्यात गाडीवर जसा स्कार्फ बांधतो ना, फक्त डोळे उघडे, तसा एका मुलीने व्हिएन्नात थंडी वाजते म्हणून बांधला होता आणि मी भर चौकात धावत जाऊन सोडवला.

तोच स्कार्फ मात्र सोबत ने, कारण चर्चसाठी त्याच्याइतकी कामाची गोष्ट नाही. खांद्यावर टाकता येतो, कमरेला गुंडाळला की गुडघे झाकतात, डोक्यावरूनही घेता येतो. काळाच घे म्हणजे तुझ्या ड्रेसवर जाईल. प्रागमध्ये सिरिल आणि मेथोडियसचं चर्च आहे, १९४२ मध्ये हिटलरचा बडा अधिकारी हायड्रिख याला मारणारे पॅराशूटवाले सैनिक तिथल्या तळघरात लपले होते आणि तिथेच मेले, बाबांना इतिहासाची आवड असेल तर जाच. ते ऑर्थोडॉक्स चर्च आहे, म्हणजे कॅथलिकांपेक्षा वेगळा, पूर्वेकडचा ख्रिश्चन पंथ. ऑर्थोडॉक्स लोकांत बायकांनी डोकं झाकायची पद्धत अजून जिवंत आहे, ग्रीस, जॉर्जिया, रशिया इकडे तर जास्तच. ग्रीसमध्ये मेतेओराच्या मठांत बायकांना पँटसुद्धा चालत नाही, स्कर्टच लागतो, दारात गुंडाळायला कापड ठेवलेलं असतं. तुझ्या पायघोळ स्कर्टांना तिथे कोणी नाव ठेवणार नाही.

आता दुसरा प्रश्न, अपमानाचा. यात मी जे सांगते ते नियम नाही, माझं मत आहे.

रोममध्ये एका छोट्या चर्चमध्ये, नाव सांगत नाही, दुपारची वेळ, आत चार-पाच माणसं. एक म्हातारी बाई बाजूच्या एका मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसलेली, हातात पिशवी, पिशवीतून भाजीचा पाला बाहेर आलेला. माझ्या ग्रुपमधलं एक जोडपं, ती चांगली सिल्कच्या साडीत, तो ब्लेझरमध्ये, कपड्यांना कोणी नाव ठेवूच शकणार नाही असे. ते दोघं त्या मेणबत्त्यांपुढे जाऊन उभे राहिले, बाईच्या आणि मूर्तीच्या मधोमध, आणि सेल्फी काढायला लागले, एक नीट नाही आला म्हणून दुसरा, मग तिसरा. ती बाई काही बोलली नाही. पिशवी उचलली आणि निघून गेली. मेणबत्ती तिची तशीच जळत होती.

तेव्हापासून मला कोणी कपड्यांचं विचारलं की मला ती भाजीची पिशवी आठवते. तू काय घातलंय हे त्या बाईने एकदा पाहिलं असतं, कदाचित नाक मुरडलं असतं, आणि परत मूर्तीकडे पाहिलं असतं. तिला उठून जायला लावलं ते कपड्यांनी नाही.

पण म्हणून कपड्यांचं काहीच नाही असंही नाही, कारण काही कपडे आवाज करतात. तुझे जाड सोलचे बूट संगमरवरावर घोड्यासारखे वाजतील, साखळ्या किणकिणतील, आणि शांत चर्चमध्ये ते प्रत्येकाला ऐकू येतं. आपल्याकडे देवळात घंटा, आरती, भोंगा, सगळं सुरू असतं, तिथे कोणी वाजत आलं तर पत्ता लागत नाही, तिकडे लागतो. त्या दिवशी रबरी सोलचे सपाट बूट घाल, तसेही सेंट पीटर्सच्या घुमटावर चढायचं असेल तर ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ आणि लिफ्ट नाहीच. कॉर्सेट आवळून तर जाऊच नको, शेवटच्या भागात भिंत वाकडी आणि जिना अरुंद होत जातो, दम लागला तर बाजूला व्हायला जागा नसते.

प्रार्थना सुरू असेल तेव्हाचं वेगळं गणित आहे. मिससाठी, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेसाठी, बसायचं असेल तर खुशाल बस, कोणी धर्म विचारत नाही, पण मागच्या बाकावर बस आणि पूर्ण वेळ बस, मधेच उठून फोटो नाही. लोक रांग लावून प्रसादासारखं काही घ्यायला पुढे जातात ते कम्युनियन, ते फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक लोकांसाठी असतं, आपले लोक प्रसाद समजून भाबडेपणाने रांगेत लागतात आणि मग पाद्र्याची पंचाईत होते. तू बसून राहा. ज्यांनी कधीच मिस पाहिली नाही त्यांना मी निघायच्या आधी सांगते की एका रविवारी आपल्या सदरमधल्या चर्चमध्ये जाऊन मागे बसून या, कधी उठतात कधी गुडघे टेकतात ते समजतं, भीती जाते. तू पण जा, याच कपड्यात जा पाहिजे तर, तुझी रिहर्सल होईल.

आणि एक जागा जिथे मला तुझी खरी काळजी वाटते. प्रागपासून जवळ कुत्ना होरा म्हणून गाव आहे, तिथे सेडलेचचं हाडांचं चॅपल, चाळीस हजाराच्या वर माणसांच्या हाडांची सजावट, झुंबरसुद्धा हाडांचं. रोममध्ये कापुचिन साधूंची तशीच जागा आहे, तिथे जवळपास ३,७०० साधूंची हाडं. तू गॉथ आहेस म्हणजे ही दोन्ही तुझ्या यादीत असणारच, मला वेड्यात काढू नको. गंमत अशी की सगळ्या युरोपात तुझे कपडे जिथे सगळ्यात जास्त मॅच होतात ती हीच ठिकाणं, आणि तोच धोका आहे, कारण मॅच झालं की पोज द्यावीशी वाटते. लोकांनी कवट्यांना टोप्या घालून, चष्मे लावून फोटो काढले, म्हणून सेडलेचमध्ये २०२० पासून आगाऊ परवानगीशिवाय फोटो बंद आहेत. ती प्लेगमध्ये, युद्धात मेलेली माणसं आहेत. मोक्षधाम घाटावर कोणी फोटोशूट करायला गेलं तर आपण काय म्हणू, तेच. तिथे तू हात मागे बांधून हळूहळू फिरलीस तर तुझ्याइतकं त्या जागेला समजून घेणारं कोणी नसेल.

एवढं सगळं करूनही एखाद्या दारात एखादा माणूस अडवू शकतो, हे मान्य करून चाल. त्याचा मूड, आदल्या दिवशीचा कोणाचा तमाशा, काहीही. वाद घालू नको, त्या माणसाला आत सोडलं ना मग मला का नाही, असं तर मुळीच म्हणू नको. विचार, काय झाकू? स्कार्फ काढ, झाक, परत लाईनला लाग. आपल्याच नागपुरात २०२३ मध्ये काही मंदिरांनी कपड्यांच्या नियमांचे बोर्ड लावले तेव्हा किती वाद झाला आठवतं ना, बाजू कोणतीही असो, दारात उभ्या असलेल्या माणसाने तो नियम केलेला नसतो.

म्हणजे तुझ्यापुरतं सांगायचं तर काळं चालेल, लेसखाली अस्तर घाल, गुडघे-खांदे झाक, उलटा क्रॉस आणि रोझरी हॉटेलात, टॅटूत काय आहे त्याप्रमाणे बाही. चोकरचे काटे खरे धातूचे असतील तर सेंट पीटर्सला आणि व्हॅटिकन म्युझियमला एअरपोर्टसारखं मशीन असतं, तो काढून ट्रेमध्ये ठेवावा लागेल, साखळ्याही, आणि मागे लाईन खोळंबते, म्हणून त्या दिवशी कापडी चोकर घाल. केसांचं काहीच करू नको.

आणि आईला विचार की त्या साडी नेसणार आहेत का. नेसणार असतील तर ब्लाउजची पाठ किती मोठी आहे ते आधी बघ, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला सांग, पोटाची बाजू झाकली जाईल असा. मायलेकींमध्ये दारात कोणाला अडवतील असं कोणी मला पैजेवर विचारलं तर मी आईवर पैसे लावीन, पण हे त्यांना माझ्या नावाने सांगू नको.